हिरामावशी आणि हिंगाचा वास

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या हिरामावशी तरे यांनी गेल्या अकरा वर्षांत एकाही मूर्ख प्रश्नाला खरं उत्तर दिलेलं नाही. शहाण्या प्रश्नाला देतात. पाणी किती वाजता जाणार, कोपऱ्यावरचा दवाखाना उघडा आहे का, ताजा बोंबील कसा ओळखायचा, असलं काही विचारा, चोख उत्तर मिळेल. पण विचारणाऱ्याने मनात उत्तर आधीच ठरवून ठेवलंय, असा त्यांना नुसता संशय यायचा अवकाश. त्या पदर खोचतात, गरिबाहून गरीब चेहरा करतात आणि म्हणतात, "इचार, इचार. इचारल्याबिगर कसं कलंल?"

हे वाक्य ऐकलं की शहाण्या माणसाने तिथून निघावं. मी शहाणा नव्हतो.

मी मूळचा डोंबिवलीचा. विमा कंपनीत नोकरी, घरात बायको सुनीता आणि एक टेम्पो भरेल एवढं सामान. ठाण्यात बाळकुमला नवीन बिल्डिंग झाली, खाडीचा वारा येतो म्हणे, म्हणून इथे फ्लॅट घेतला. सामान वर चढत होतं आणि समोरच्या दारात एक साठीच्या बाई उभ्या राहून माझ्या कपाटाकडे बघत होत्या. ओळख वाढवावी म्हणून मी म्हटलं, "मावशी, तुम्ही इथल्याच ना? कोळी? मग तुम्हा लोकांना पोहायला शिकावंच लागत नसेल, नाही? जन्मतःच येत असेल."

कौतुकच केलेलं हो मी. निदान मला तसं वाटलेलं.

"इचार, इचार," मावशी म्हणाल्या. मग आवाज खाली आणून त्यांनी मला सांगितलं, "बाराव्या दिशी पोराचं नाव ठेवताव. तेराव्या दिशी कंबरंला दोरी बांधून खारीत सोरताव. जो पोहून काठाला येतो तो आमचा."

"आणि जो येत नाही तो?" मी घाबरून विचारलं.

"तो व्हात जातो नि तुमच्या डोंबिवलीला निगतो."

शेवटच्या वाक्याला मी हसलो. पण आधीचं मला खरं वाटलं. एवढं खरं, की दुसऱ्या दिवशी मी ते ऑफिसात डबा खाताना सगळ्यांना सांगितलं. परंपरा कशा टिकून असतात बघा, अशी सुरुवात करून सांगितलं. आमच्यात भगत म्हणून एक होता, ठाण्याच्या कोळीवाड्यातला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाला, "जोगळेकर, मला पोहता येत नाही रे. म्हणजे मी तुमच्यातलाच निघालो की."

संध्याकाळी मी तणतणत समोरची बेल वाजवली. "मावशी, तुम्ही मला खोटं सांगितलंत."

"मंग तू खरं इचारलंस कंदी?" त्या म्हणाल्या आणि मला चहा दिला.

त्यानंतर मी त्यांच्या थापा बाजूला उभा राहून ऐकायला लागलो. त्यात वेगळीच मजा होती. एका इस्टेट एजंटला त्यांनी पटवून दिलं की आमच्या बिल्डिंगखाली एक मोठा खेकडा आहे, भरतीला तो कूस बदलतो, म्हणून लिफ्ट हलते. तो एजंट पुढे गिऱ्हाइकांना लिफ्ट दाखवायचंच टाळायला लागला. तळमजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही लोक एवढे दागिने घालता, मासे विकताना भीती नाही वाटत?" मावशी म्हणाल्या, "दागिनं नाय ते. वजनं हायत. वारा सुटला की उरून जाताव आमी."

एकदा एक मुलगी मोबाईल आणि दिवा घेऊन आली. तिला 'अस्सल कोळी आजी' हवी होती. मावशींना म्हणाली, "आजी, तुमच्या भाषेत एक मस्त शिवी द्या ना. लोकांना खूप आवडतं." मी दारात उभा होतो. मावशींनी चष्मा पुसला, मान किंचित तिरकी केली आणि सदाशिव पेठेत चार पिढ्या काढल्यासारख्या आवाजात म्हणाल्या, "बाळ, तुझी काहीतरी गल्लत होते आहे. आमच्याकडे रागावल्यावर पाणी पिण्याची पद्धत आहे. तू पाणी घेशील का?"

मुलीने दिवा बंद केला. तिला हवी होती ती आजी मिळेना. मला मात्र धडकी भरली, कारण ती तिरकी मान आणि तो 'होते आहे' माझ्या सख्ख्या आत्याचा होता. आत्या माझ्याकडे एकच दिवस राहून गेलेली. मावशींनी तिला जिन्यात पाच मिनिटं ऐकलेलं. पस्तीस वर्षं त्यांनी ठाण्याच्या बाजारात मासळी विकली, आणि मला वाटतं त्या पस्तीस वर्षांत समोर उभं राहून घासाघीस करणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्यांनी आवाजासकट घरी आणून ठेवलंय.

आता एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे, ती सांगायला बरं वाटत नाही तरी. आमची बिल्डिंग उभी आहे तिथे मावशींच्या सासऱ्यांचं भाताचं शेत होतं. त्याच्या बदल्यात त्यांना इथे फ्लॅट मिळाला. ताबा मिळायच्या आधी नवरा गेला, मुलगी लग्न होऊन उरणला. मावशी एकट्याच राहायला आल्या. आणि सोसायटीच्या पहिल्याच सभेत आम्ही ठराव केला, की मासळी शिजवताना खिडक्या बंद ठेवाव्यात आणि मासळीची पाटी मोठ्या लिफ्टमधून नेऊ नये. नाव कुणाचं घातलं नव्हतं. पाटी एकाच घरात होती. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. त्या सभेचा फोटो आहे, त्यात माझा हात सगळ्यात उंच दिसतो. मी मागे उभा होतो म्हणून, असं मी सुनीताला सांगतो.

दुसऱ्या दिवसापासून मावशींच्या खिडक्या बंद.

गेल्या वर्षी सहाव्या मजल्यावर भाड्याने एक मुलगी राहायला आली. लालरिनपुई तिचं नाव. मिझोरमची, आयझॉलची, ठाण्यात एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स. तोपर्यंत सोसायटीचा सेक्रेटरी मी झालेलो, त्यामुळे तिचं नाव रजिस्टरमध्ये लिहायचा मान माझा. मी लिहिलं 'लाली रानीपुरी'. तिने दुरुस्त करायला सांगितलं, तेव्हा 'लाल रिना पुरी' केलं. तिसऱ्यांदा तिने नाद सोडला. वॉचमनने तर भानगडच ठेवली नाही, त्याच्या वहीत ती 'चायना मॅडम' होती. मी ते वाचलेलं आणि हसलेलो.

आमचे अध्यक्ष करंदीकर साहेब. निवृत्त इंजिनिअर. माणूस सज्जन, दरवर्षी रक्तदान करतो, जिन्यातले दिवे स्वतः बदलतो. पण त्यांना सगळंच माहीत असतं. लिफ्टमध्ये रिनपुई पहिल्यांदा भेटली तेव्हा साहेब, मी आणि मावशी असे तिघे आत होतो. साहेबांनी हिंदीत विचारलं, "आप चायना से? नेपाल से?"

"मिझोरम से, अंकल."

"अच्छा अच्छा. तो इंडिया कब आयीं?"

ती दमलेली होती, बारा तासांची ड्युटी करून आलेली. तरी तिने नकाशा सांगितला. आसामच्या खाली, त्रिपुराच्या पलीकडे, भारतातच. साहेब मान हलवत होते, पण पटलं नव्हतं. सहावा मजला आला, ती उतरली, आणि चौथ्यावर उतरायच्या मावशीही तिच्या मागोमाग उतरल्या. पुढे काय झालं ते मला नंतर कळलं. मावशींनी तिला हाताला धरून कठड्यापाशी नेलं आणि म्हणाल्या, "ऐक बाय. यांना खरा सांगायचा नाय. खरा यांना पचत नाय. तू लय चांगला खोटा बोल, मंग बग."

त्यांचं बोलणं एकमेकींना कसं कळायचं हे मला आजही सांगता येणार नाही. एकीची आगरी-कोळी वळणाची मराठी, दुसरीची हॉस्पिटलात शिकलेली हिंदी. पण पंधरा दिवसांत रिनपुई तयार झाली. साहेबांनी तिला खाजगीत, अगदी काळजीच्या सुरात विचारलं, "बेटा, वो... आप लोग साँप खाते हो, ये सच है?"

रिनपुईने नजर खाली केली. "मंगलवार को नहीं, अंकल. मंगलवार को साँप का उपवास होता है."

साहेब अंगारकीला कडक उपास करणारे. त्यांनी हे मला येऊन हात जोडून सांगितलं. "काही म्हणा जोगळेकर, संस्कार आहेत हो त्या लोकांत."

रात्रपाळी नसलेल्या दिवशी रिनपुई मावशींकडे जाऊन बसायला लागली. मावशींना ती 'पी हीरा' म्हणायची. तिच्या भाषेत 'पी' म्हणजे मोठ्या बाईला मान द्यायचा शब्द. मावशी पहिल्यांदा उसळल्या, "पी काय पी? मी कंदी थेंब नाय घेतला." अर्थ कळल्यावर मात्र दारावर पाटी लावावी एवढ्या खूश झाल्या.

हे असं छान चाललेलं आणि वासाची तक्रार आली.

रिनपुईच्या आईने घरून बेकांग पाठवलं. ते म्हणजे आंबवलेले सोयाबीन, त्यांच्याकडे भाजीत घालतात. वास उग्र असतो, खोटं कशाला बोलू. ते तिने एका संध्याकाळी शिजवलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे पाच सह्यांचं पत्र आलं. त्यात 'घाण', 'आरोग्य', 'आपली संस्कृती' आणि 'लहान मुलं' असे चारही शब्द होते. फ्लॅटचा मालक कल्याणला राहतो, त्याला फोन गेले. तो म्हणाला, सोसायटीने ठराव करून द्या, मी तिला खोली रिकामी करायला सांगतो. साहेबांनी मला रविवारच्या सभेची नोटीस टाईप करायला सांगितली. मी केली. वर रिनपुईकडे गेलो तेही साहेबांसोबत, म्हणजे माझ्या पायांनीच. साहेब तिला दारात म्हणाले, "बेटा, तुम पर्सनली बहुत अच्छी हो. लेकिन वो स्मेल..."

ती 'का लोम ए' असं काहीतरी पुटपुटली आणि दार लावून घेतलं. त्याचा अर्थ 'आभारी आहे' असा होतो, हे मला आता माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी माझ्या दारात. हसू नाही, थाप नाही.

"जोगलेकर, वरधापनदिन कवा हाय?"

"सोसायटीचा? शनिवारी. सभेच्या आदल्या दिवशी."

"माजा नाव घाल कार्यक्रमात. माजा नि रिनीचा."

"काय करणार? कोळीगीत?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मी अकरा वर्सं खिरकी लावून कालवन करतंय. उन्हाल्यात पन. धुरानं डोलं जातान. तुमाला कायतरी बोलली? नाय बोलली. माजी मीच घुसमटत व्हती, चालून गेला. पन ही पोर तुमच्या लोकांचे जीव वाचवून घरला येते नि तुमी तिला घरातनं काराल, त्ये नाय चालायचा." आणि जाता जाता, "तुजा तो ऑफिसचा कोट दे. नि ब्याग."

मी दिला. विचारायचं धाडस झालं नाही.

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता पार्किंगमध्ये खुर्च्या मांडलेल्या. सत्यनारायण झाला, प्रसाद झाला, मुलांचे दोन नाच झाले. सूत्रसंचालन माझ्याकडे. चिठ्ठीवर मावशींच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'आयझॉल को-ऑपरेटिव्ह सोसायटीची मीटिंग.' मी वाचलं आणि खाली बसलो.

स्टेजवर एक टेबल. त्यामागे रिनपुई, त्यांच्याकडचं ते लाल-काळ्या पट्ट्यांचं विणलेलं वस्त्र नेसून, नाकाच्या टोकावर चष्मा, चष्म्याला दोरी. करंदीकर साहेबांच्या चष्म्याला असते तशी. लोक कुजबुजले. मग माझा कोट घालून, माझी बॅग छातीशी धरून हिरामावशी आल्या. त्यांनी चष्मा बोटाने वर ढकलला, घसा साफ केला आणि म्हणाल्या, "नमस्कार. म्हणजे तसं नाही, पण मी इथे भाड्याने राहायला आलोय."

सुनीता किंचाळूनच हसली. कारण 'म्हणजे तसं नाही, पण' हे मी दिवसातून चाळीस वेळा म्हणतो. मला ते त्या दिवशी कळलं.

रिनपुईने त्या 'भाडेकरू'ला वरपासून खालपर्यंत बघितलं. ती मराठी बोलली. चार-पाच दिवस मावशींनी तिच्याकडून घोकून घेतलेलं असणार, कारण एक अक्षर अडखळलं नाही.

"तुम्ही वाईचे?"

"नाही हो, मी डोंबिवलीचा. वाई तिकडे साताऱ्याकडे."

"तेच ते. डोंगराखाली राहणाऱ्या सगळ्यांना आम्ही 'वाई'च म्हणतो. पंजाबी, मद्रासी, मराठी, आम्हाला सगळे सारखेच दिसता. नाक पुढे, डोळे बाहेर. तुम्ही एकमेकांना ओळखता कसे?"

हशा पिकला. (त्यांच्याकडे खरंच असा शब्द आहे. रिनपुई नंतर म्हणाली, आमच्याकडेही शहाणे कमी नाहीत.)

"पासपोर्ट दाखवा."

"अहो, मी भारतीय आहे!"

"सगळे तसंच म्हणतात. नाव?"

"जोगळेकर."

"जगलंकार," रिनपुईने लिहून घेतलं. "जंगलकर. मी 'जंगली' लिहिते, सोपं पडेल."

माझ्या शेजारचा माणूस खुर्चीवरून घसरला. मीही हसत होतो, पण कान तापले होते.

"घरात काय शिजवता?"

"साधंच हो. वरण-भात. फोडणी घालून."

"फोडणीत काय जाळता?"

"हिंग."

"हिंग म्हणजे?"

"झाडाचा चीक. वाळवून, दळून."

रिनपुईने चष्मा काढला. "काल दुपारी तुम्ही तो जाळलात. पाचव्या मजल्यावरची माणसं गॅस सुटला म्हणून जिन्याने पळाली. आमच्यात म्हातारी माणसं आहेत, लहान मुलं आहेत. आणि नळावर फडक्यात काय टांगलंय? त्यातून पाणी गळतंय. मेलंय का ते?"

"चक्का आहे तो! श्रीखंडाचा!"

"नासलेलं दूध? आणि ते खाता? बरं, हे खरं आहे का, की लग्नाच्या आधी तुम्ही माणसाला बसवता, सगळ्या बायका मिळून त्याला हळद-तेल चोळता?"

"हो. हळदी समारंभ."

"म्हणजे मुरवत ठेवता." तिने भीत भीत विचारलं, "मग... खाता कधी?"

आता मात्र पार्किंगचं छत उडायची पाळी आली. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. पत्रावर सही करणाऱ्या तळमजल्यावरच्या बाई पदराने डोळे पुसत होत्या. 'हा तर माझाच आवाज, हा तर माझाच प्रश्न' हे हसता हसता एकेकाच्या लक्षात येत होतं, ते मला मागून त्यांच्या मानांवर दिसत होतं. हसणं थांबायचं, मान ताठ व्हायची, मग पुन्हा हसू फुटायचं.

"एक नाच करून दाखवा ना," रिनपुई म्हणाली. "तुमच्या लोकांचा. आम्हाला खूप आवडतं."

"मी विमा कंपनीत आहे हो!" मावशी माझ्या आवाजात रडकुंडीला आल्या.

मग रिनपुई उठली. टेबलाला वळसा घालून आली. चष्म्याची दोरी सारखी केली आणि अगदी मायेने त्या कोटाच्या खांद्यावर हात ठेवला. "हे बघा, तुम्ही वैयक्तिक फार चांगले आहात. पण तो वास..."

हशा थांबला. एकदम. साहेब पहिल्या रांगेत होते, त्यांची पाठ मला दिसत होती.

मावशींनी चष्मा काढला, माझा कोट काढला, घडी घालून टेबलावर ठेवला. आत त्यांचं नेहमीचं हिरवं लुगडं. मोठ्याने बोलल्या नाहीत, तरी शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू आलं. "बरा. निगतंय मी. सामान काय, कवरासा हाय."

आणि त्या खरंच स्टेजवरून उतरून चालायला लागल्या.

कुणी टाळी वाजवली नाही. वाजवायची की नाही तेच कळेना. तेवढ्यात करंदीकर साहेब उभे राहिले. मला वाटलं, झालं. साहेब मावशींच्या वाटेत जाऊन उभे राहिले. चष्म्याची दोरी गळ्यातून काढून त्यांनी खिशात कोंबली.

"हिरामावशी," ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांना सापडेना. आयुष्यात पहिल्यांदा. शेवटी म्हणाले, "आमच्या घरात हिंग जरा जास्तच वापरतात."

तेव्हा जी टाळी झाली ती बाहेरच्या रस्त्यावरच्या रिक्षावाल्यांनी ऐकली. दोघे तिघे गेटमधून डोकावले. साहेब स्टेजवर चढले आणि रिनपुईला म्हणाले, "तुझं नाव नीट सांग बेटा. मी मागून म्हणतो." लाल. रिन. पुई. त्यांनी सहा वेळा म्हटलं. सातव्यांदा सगळ्या पार्किंगने म्हटलं. मी उद्याच्या सभेची नोटीस फळ्यावरून काढली तेव्हा कुणी मला थांबवलं नाही. पाच सह्यांपैकी तीन जण स्वतः येऊन पत्र परत मागून घेऊन गेले. खिडक्यांचा तो जुना ठरावही रद्द करायचा, असं मीच सुचवलं, आणि या वेळीही माझा हात सगळ्यात उंच होता. या वेळी मी पुढे उभा होतो.

अल्पोपाहाराच्या रांगेत आणखी एक स्फोट झाला. साहेबांच्या पत्नी, निर्मलाताई, बिल्डिंगमध्ये कुणी त्यांचा मोठा आवाज ऐकला नव्हता. त्या पोह्यांची बशी घेऊन मावशींपुढे उभ्या राहिल्या. "मावशी, माझं माहेर वेंगुर्ल्याचं. लग्न झालं आणि माझे मासे सुटले. अकरा वर्षं मी जिन्यात उभी राहून तुमच्या बंद खिडकीचा वास घेतेय. आता एकदा बोलवा तरी!"

साहेबांच्या हातातला चमचा पडला.

"उद्याच ये," मावशी म्हणाल्या. "सगलेच या. सभा तशीबी नाय."

रविवारी सकाळी मी नि सुनीता त्यांच्याकडे खुर्च्या पोचवायला गेलो. स्वयंपाकघरात रिनपुई जमिनीवर बसून नारळ खोवत होती, तव्यावर तांदळाची भाकरी फुगत होती. एका बाजूला साहेबांसाठी वालाचं बिरडं वेगळं काढलेलं. ओट्यावर स्टीलच्या ताटांची चळत होती. चोवीस ताटं. प्रत्येकावर दुकानाचा स्टिकर तसाच.

"नवीन आणलीत मावशी?" सुनीताने विचारलं.

"नाय गो. चावी मिलाली त्या हप्त्यात आनली व्हती." भाकरी उलटवत, आमच्याकडे न बघता त्या बोलल्या. "गावात आमची वीस घरं. कुनीपन कुनाकरं जेवायचा, इचारायचा नाय. मना वाटला, आथां चोवीस फ्लॅट हायत. घरटी एक मानूस तरी यील."

भाकरी जरा करपली, ती त्यांनी स्वतःसाठी बाजूला ठेवली.

मी एक ताट उचलून नखाने स्टिकर ओढला. कागद निघाला, डिंक तसाच राहिला, अकरा वर्षांत पार दगड झालेला. रिनपुईने खोबरेल तेलाची बाटली आणली. मग आम्ही चौघं फरशीवर मांडी घालून बसलो आणि एकेक ताट घासायला लागलो. मावशी प्रत्येक ताट निघालं की पदराने पुसायच्या, उजेडाकडे धरून बघायच्या आणि उपडं घालायच्या.

सतरावं ताट चाललं होतं तेव्हा बेल वाजली. आमचे सगळ्यांचे हात तेलाने माखलेले. मावशींनी तिथूनच हाक दिली, "उगराच हाय दार! या, आत या!"